गोबरगॅसच्या नळीत स्फोट का होतो आणि तो कसा टाळावा?



गोबरगॅस संयंत्र बांधून झाले, शेणकाला भरला, की घरात सगळ्यांना एकच घाई असते : गॅस पेटतो का ते बघायचे. नेमक्या याच दिवशी सर्वांत मोठी चूक होते. संयंत्र जुने झाल्यावर धोका वाढतो असा आपला समज असतो. पण नळीतल्या स्फोटाचा धोका सर्वाधिक असतो तो पहिल्या दिवशी, टाकी साफ केल्यानंतर आणि नळीची दुरुस्ती केल्यानंतर. असे का, हे एकदा नीट समजले की काळजी काय घ्यायची ते वेगळे पाठ करावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका गावात नवे संयंत्र पाहायला गेलो होतो. पक्क्या घुमटाचे, दोन घनमीटरचे. घुमटापासून स्वयंपाकघरापर्यंत साधारण ३० मीटर लांबीची एक इंची पीव्हीसी नळी, गोठ्याच्या कोपऱ्यावर एक एल्बो. शेगडी अजून आणलेली नव्हती. घरातल्या तरुण मुलाने घुमटाचा कॉक उघडला आणि स्वयंपाकघरातल्या नळीच्या उघड्या तोंडाशी काडी ओढली. काही पेटले नाही. थोड्या वेळाने दुसरी काडी, तरी नाही. ‘नळी तुंबली असेल’ म्हणून गवंड्याने घुमटाजवळचा कॉक बंद केला. त्याच वेळी इकडे तिसरी काडी ओढली गेली. फटाका फुटावा तसा आवाज झाला. मुलाच्या भुवया जळाल्या आणि गोठ्याच्या कोपऱ्यावरचा एल्बो फुटून तुकडे गव्हाणीत पडले. गाय त्या वेळी बाहेर बांधली होती आणि घुमटाचा कॉक बंद होता, म्हणून एवढ्यावर निभावले.

या प्रसंगात तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोन काड्यांना काही झाले नाही, मग तिसऱ्या काडीलाच का? काडी नळीच्या तोंडाशी ओढली, मग एल्बो तीस-पस्तीस पावले लांब कसा फुटला? आणि घुमटाचा कॉक उघडा असता तर? एकेक करून बघू.

नुसता गॅस स्फोट करत नाही

गोबरगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि ३० ते ४० टक्के कार्बन डायऑक्साईड असतो. थोडी पाण्याची वाफ असते आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाईड अल्प प्रमाणात असतो. यातला जळणारा भाग मुख्यतः मिथेन.

मिथेनला जळायला हवेतला प्राणवायू लागतो. नळीत शंभर टक्के गोबरगॅस भरलेला असेल तर आत प्राणवायूच नाही. अशा नळीच्या तोंडाशी काडी धरली तर गॅस बाहेरच्या हवेला भेटतो तिथेच, म्हणजे तोंडावरच जळतो. ज्योत आत शिरू शकत नाही. उलट नळीत नुसती हवा असेल तर जळायला काही नाही. धोका आहे तो या दोन्हींच्या मध्ये.

मिथेन हवेत ५ ते १५ टक्के या प्रमाणात मिसळलेला असेल तरच ते मिश्रण पेट घेते. ५ टक्क्यांच्या खाली इंधन कमी पडते, १५ टक्क्यांच्या वर हवा कमी पडते. सर्वांत जोरात जळते ते साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, कारण तिथे मिथेन आणि प्राणवायू एकमेकांना अगदी पुरतात. गोबरगॅसमध्ये कार्बन डायऑक्साईड असल्यामुळे त्याच्यासाठी हे प्रमाण साधारण ८ ते २० टक्के धरावे. ६० टक्के मिथेन असलेला एक लिटर गोबरगॅस पूर्ण जळायला सुमारे पावणेसहा लिटर हवा लागते.

आता त्या तीन काड्यांकडे पाहा. पहिली काडी ओढली तेव्हा नळीच्या तोंडाशी नुसती हवा होती. दुसरीच्या वेळी गॅस आला होता, पण फार थोडा. तिसरीच्या वेळी प्रमाण जुळले. तो मुलगा काडी न ओढता आणखी थांबला असता आणि नळीतली सगळी हवा उघड्यावर निघून गेली असती, तर मागे फक्त गॅस उरला असता. ‘पेटत नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असा त्याने अर्थ काढला. खरे तर नव्या नळीवर काडी पेटत नाही याचा अर्थ ‘नळीत हवा आहे, दूर व्हा’ असा घ्यायला हवा.

ज्योत मागे का धावली?

गॅस नळीतून बाहेर येत असतो आणि ज्योत आत जाऊ पाहते. कोण जिंकेल हे वेगावर ठरते. मिथेन आणि हवेच्या शांत मिश्रणात ज्योत सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षाही कमी वेगाने सरकते. गोबरगॅसमधल्या कार्बन डायऑक्साईडमुळे ती आणखी मंद असते. बाहेर येणाऱ्या मिश्रणाचा वेग यापेक्षा जास्त असेल तर ज्योत तोंडावरच राहते. प्रवाह मंदावला किंवा थांबला की ज्योत आत शिरते.

गवंड्याने कॉक बंद केला तेव्हा नेमके हेच झाले. प्रवाह थांबला, नळीत जुळलेले मिश्रण स्थिर उभे राहिले आणि ज्योतीला रस्ता मोकळा मिळाला.

इथे एक फरक लक्षात घ्या. शेगडी लावताना किंवा बंद करताना कधी कधी बर्नरमध्ये ‘फट्’ असा आवाज होतो. बर्नरच्या मिश्रणनळीत जेटच्या पुढे हवा मिसळते, तेवढ्या भागात ज्योत मागे येते आणि जेटपाशी विझते. जेटच्या मागे हवा नसल्यामुळे ती पुढे जाऊ शकत नाही. वारंवार असे होत असेल तर हवेची झडप जास्त उघडी आहे, दाब कमी आहे किंवा जेट तुंबले आहे असे समजून दुरुस्त करावे. पण आवाज बर्नरमधून न येता नळीतून आला, तर नळीत हवा आहे. ही गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे.

नळीत जोर का वाढतो?

हेच मिश्रण उघड्यावर पेटले तर ‘भप्’ होऊन भडका उडतो आणि विझतो. नळीत ते फुटते. याचे कारण असे.

मिश्रण जळले की तयार होणारा तप्त वायू मूळ आकारमानाच्या सुमारे सात पट जागा मागतो. उघड्यावर तो चारही बाजूंना पसरतो. नळीत बाजूंना भिंत असते, त्यामुळे तो पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला ढकलतो. ढकललेले मिश्रण वेगाने वाहू लागते. वाहताना ते एल्बो, कॉक, जोड, आतली खरबरीत गंजलेली बाजू यांवर आदळून घुसळले जाते. घुसळलेल्या मिश्रणात ज्योतीला सुरकुत्या पडतात, तिचा पृष्ठभाग वाढतो आणि एकाच वेळी जास्त मिश्रण जळते. जास्त जळले की जास्त ढकलले जाते, जास्त ढकलले की जास्त घुसळते. असे हे चक्र नळीच्या लांबीबरोबर वाढत जाते.

म्हणून सुरुवातीला माणसाच्या चालीपेक्षाही मंद असलेली ज्योत लांब नळीत सेकंदाला शेकडो मीटरचा वेग घेऊ शकते. कारखान्यांतल्या मोठ्या व्यासाच्या लांब नळ्यांत त्याहून पुढची अवस्था येऊ शकते. ज्योत आणि दाबाची लाट एक होऊन आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने धावतात. मिथेन-हवेच्या मिश्रणात हा वेग सेकंदाला सुमारे १,८०० मीटर असतो. त्या अवस्थेत साधी नळी टिकत नाही.

घरगुती अरुंद नळीत गोष्ट सहसा तिथवर जात नाही, कारण नळीची भिंत ज्योतीची उष्णता शोषते. पण एल्बो फोडायला त्याआधीचा जोरही पुरतो. गोठ्याच्या कोपऱ्यावरचा एल्बो फुटला तो यामुळेच. वळणावर दाबाची लाट आदळली आणि पीव्हीसीचा जोड तिथे सर्वांत कमजोर होता.

घुमटाचा कॉक उघडा असता तर?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नव्याने भरलेल्या किंवा साफ केलेल्या संयंत्राच्या घुमटात सुरुवातीला हवा असते. गॅस तयार होऊ लागला की काही काळ तिथेही स्फोटक मिश्रण असू शकते.

एक इंची, ३० मीटर नळीत जेमतेम १५ लिटर वायू मावतो. घुमटात तो शेकडो लिटर असतो. मिथेन-हवेचे जुळलेले मिश्रण बंद जागेत पेटले तर दाब वातावरणाच्या सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. पक्क्या घुमटाच्या संयंत्रात रोजचा दाब जास्तीत जास्त सुमारे एक मीटर पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलो असतो. स्फोटाचा दाब त्याच्या साठ-सत्तर पट होऊ शकतो. विटांचा घुमट वरून येणारा मातीचा भार पेलण्यासाठी बांधलेला असतो. आतून येणारा असा धक्का सोसण्यासाठी तो नसतो. म्हणून पहिला नियम : घुमटाच्या किंवा गॅस टाकीच्या निर्गम नळीवर काडी लावून गॅस कधीही तपासू नये.

नळीत हवा कुठून येते?

आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तर गळतीतून गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की त्याच भोकातून हवा आत खेचली जाते. हवा येण्याच्या नेहमीच्या वाटा अशा :

• नवे संयंत्र, साफ केलेली टाकी किंवा नवी जोडलेली नळी. यांत हवा आधीपासूनच असते.

• कॉक बंद असताना पक्क्या घुमटाच्या संयंत्रातून एकदम भरपूर शेणकाला उपसणे. आतली पातळी उतरते आणि घुमटात ओढ निर्माण होते.

• तरंगती टाकी मार्गदर्शक दांड्यावर अडकणे. गॅस वापरला जातो पण टाकी खाली येत नाही, त्यामुळे दाब घटतो.

• इंजिन किंवा ब्लोअरने गॅस खेचणे. इंजिन ओढून घेणारे यंत्र आहे. टाकीत गॅस संपला तरी ते ओढतच राहते.

• चिरलेला रबरी पाईप, सैल क्लिप, पाणी आटलेला पाण्याचा सापळा.

• वायू साठवण्याचा फुगा फाटलेला किंवा पूर्ण चेपलेला असणे.

काही मोठ्या प्रकल्पांत हायड्रोजन सल्फाईड कमी करण्यासाठी पाचक टाकीत मोजून थोडी हवा सोडतात. तिथे हवेचे प्रमाण सतत मोजले जाते. त्याची नक्कल म्हणून घरच्या संयंत्रात छोटा हवेचा पंप बसवू नये.

ठिणगी किती लागते?

मिथेन-हवेचे जुळलेले मिश्रण पेटवायला फार थोडी ऊर्जा पुरते, सुमारे ०.३ मिलिज्यूल. कोरड्या हवेत लोखंडी दाराला हात लावल्यावर जो बारीक चटका जाणवतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असते. काडेपेटी आणि विडी तर सोडाच, विजेचे बटण, मोटारीचा स्टार्टर, ग्राइंडर, वेल्डिंग हे सगळे पुरेसे आहे. म्हणून ‘ठिणगी टाळू’ एवढ्यावर विसंबू नये. नळीत मिश्रणच होऊ देऊ नये, हा खरा उपाय.

मोठ्या प्रकल्पांत आणखी एक छुपे कारण असते. हायड्रोजन सल्फाईड लोखंडाच्या गंजाशी मिळून काळा लोह सल्फाईड बनवतो. नळी किंवा गाळणी उघडल्यावर हा काळा थर हवेच्या संपर्कात येऊन आपोआप तापतो, कधी पेटतोही. गॅस शुद्ध करण्यासाठी लोखंडाचा कीस किंवा गंज वापरलेली गाळणी उघडताना तो माल ओला ठेवावा आणि मोकळ्या जागी पसरावा.

जाळी ज्योत कशी अडवते?

१८१२ मध्ये इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत अशाच वायूचा स्फोट होऊन ९२ माणसे व मुले दगावली. खाणीतला तो वायूही मुख्यतः मिथेनच. त्यानंतर खाणीत वापरण्याजोग्या दिव्याचा शोध सुरू झाला आणि १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असलेला दिवा तयार केला. वायू जाळीतून आत जाई, पण ज्योत बाहेर येत नसे.

यामागचे कारण साधे आहे. ज्योत पुढे सरकते ती उष्णतेच्या जोरावर. बारीक छिद्रातून जाताना धातूची तार ती उष्णता चटकन शोषून घेते आणि पलीकडचे मिश्रण पेटण्याइतके तापत नाही. मिथेनची ज्योत सुमारे दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीतून जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात जाळीची छिद्रे याहून बरीच बारीक ठेवतात. गॅसच्या नळीतला ज्वाळारोधक याच तत्त्वावर चालतो.

पण जाळीच्या मर्यादा माहीत हव्यात :

• जाळी शेगडीच्या किंवा इंजिनाच्या जवळ असावी. अंतर वाढले की ज्योतीचा वेग वाढतो आणि वेगवान ज्योत साध्या जाळीला जुमानत नाही. मोठ्या प्रकल्पांच्या लांब नळ्यांसाठी म्हणूनच खास बनावटीचे, तपासणी झालेले ज्वाळारोधक लागतात.

• जाळीवरच ज्योत जळत राहिली तर तार लाल होते आणि मग अडवत नाही.

• गोबरगॅसमधील हायड्रोजन सल्फाईड तांबे, पितळ व लोखंड खातो. स्टेनलेस स्टीलची जाळी वापरावी आणि दर काही महिन्यांनी काढून पाहावी. फाटलेली जाळी म्हणजे नसलेली जाळी.

• ओलावा आणि मळ साचला की जाळी तुंबते, दाब घटतो. त्यामुळे जाळीच्या जागी नळीचा व्यास थोडा मोठा ठेवतात.

दुसरा उपाय म्हणजे पाण्याचा अडसर. गॅस बंद भांड्यातल्या पाण्यात बुडवलेल्या नळीतून बुडबुड्यांनी वर येतो आणि पुढे जातो. मध्ये पाणी असल्याने ज्योत मागे जाऊ शकत नाही. इथे अनेकांचा गोंधळ होतो. नळीच्या खोलगट भागात साचलेले पाणी काढण्यासाठी जो टी-जोडाचा सापळा बसवतात, तो पाण्याचा अडसर नव्हे. त्यात गॅस पाण्यावरून जातो, पाण्यातून नाही. तो सापळा गरजेचाच आहे, पण ज्योत अडवत नाही.

पहिल्यांदा गॅस सुरू करताना

१. शेणकाला इतका भरावा की आत-बाहेरच्या दोन्ही वाटांची तोंडे पूर्ण बुडतील. ती उघडी असतील तर आत हवा येतच राहील.

२. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साईड आणि हवा जास्त असते. भरलेली टाकी पहिल्यांदा एक-दोन वेळा उघड्यावर पूर्ण सोडून द्यावी. सोडण्याचे तोंड डोक्याच्या वर, घर-गोठ्यापासून आणि चुलीपासून दूर असावे.

३. त्यानंतर नळीतली हवा काढावी. नळी स्वयंपाकघराबाहेरच सोडवून गॅस उघड्यावर वाहू द्यावा. हिशोब सोपा आहे : एक इंची ३० मीटर नळीत सुमारे १५ लिटर हवा असते. तासाला ४५० लिटर इतका शेगडीच्या वेगाचा प्रवाह धरला तर नळी एकदा भरायला दोन मिनिटे लागतात. पण गॅस आणि हवा एकमेकांत मिसळत असल्याने एकदा भरून हवा पूर्ण जात नाही. चार-पाच पट गॅस जाऊ द्यावा, म्हणजे दहा मिनिटे. यात ७५ लिटर गॅस जातो. दोन घनमीटरचे संयंत्र दिवसाला २,००० लिटरपर्यंत गॅस देते. एवढ्यासाठी हात आखडता घेऊ नये.

४. आता नळी शेगडीला जोडावी, खिडक्या-दारे उघडावीत आणि आधी काडी पेटवून मग शेगडीचा कॉक उघडावा. गॅस फक्त शेगडीवरच पेटवावा, उघड्या नळीवर कधीही नाही.

५. पेटला नाही तर कॉक बंद करावा, पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्यावी आणि पुन्हा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी. काडीमागून काडी ओढत बसू नये.

टाकी साफ केल्यावर, नळी बदलल्यावर किंवा संयंत्र बरेच दिवस बंद राहिल्यावर याच पायऱ्या पाळाव्यात.

दाबावर नजर ठेवा

एक-दीड मीटर उंचीच्या फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी बसवा. त्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरून एक टोक गॅसच्या नळीला टी-जोडाने जोडा आणि दुसरे उघडे ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे गॅसचा दाब. तरंगत्या टाकीत तो साधारण १० सेंटिमीटरच्या आसपास राहतो. पक्क्या घुमटात शून्यापासून मीटरभरापर्यंत चढ-उतार होतो. फरक दोन-तीन सेंटिमीटरवर आला की गॅस वापरणे थांबवा. पाणी गॅसच्या बाजूला चढू लागले, तर आत ओढ आहे आणि हवा येऊ शकते. मुख्य कॉक बंद करा आणि कारण शोधा.

गळती साबणाच्या फेसाने तपासावी. काडी फिरवून गळती शोधण्याची सवय अजूनही दिसते, ती सोडावी. नळीला सापळ्याकडे १०० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर तरी उतार द्यावा. पाणी साचले की ज्योत फडफडते, विझते आणि न जळलेला गॅस स्वयंपाकघरात भरत राहतो.

वेल्डिंग आणि इंजिन

लोखंडी तरंगत्या टाकीला भोक पडले की ती जागेवरच वेल्ड करण्याचा मोह होतो. हे अत्यंत धोक्याचे आहे. टाकी खड्ड्यावरून उचलून दूर, मोकळ्या जागी न्यावी, उलटी करून आतला शेणाचा थर धुवावा आणि एक-दोन दिवस वाऱ्यावर ठेवावी. वेल्डिंगच्या वेळी शक्य तेवढा भाग पाण्याने भरून फक्त कामाची जागा कोरडी ठेवावी. पाचक टाकीत माणूस उतरवून दुरुस्ती करू नये. तिथे स्फोटाआधी गुदमरण्याचा आणि विषारी वायूचा धोका असतो. सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नाही, कारण हायड्रोजन सल्फाईड जास्त झाला की नाकाला वास कळणेच बंद होते.

गॅसवर इंजिन चालवत असाल तर इंजिनाजवळ ज्वाळारोधक बसवा, गॅसची नळी इंजिनासाठी वेगळी ठेवा आणि इंजिन बंद करताना आधी गॅसचा कॉक बंद करा. दाब घटला की गॅस आपोआप तोडणारी झडप मिळत असेल तर ती जरूर घ्यावी.

मोठ्या प्रकल्पाशी जोडलेले असाल तर

साखर कारखान्यांच्या आसवनीतल्या स्पेंटवॉशपासून बायोगॅस निर्मिती होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘सतत’ योजनेनंतर प्रेसमड, शेण आणि पिकांच्या अवशेषांपासून दाबित बायोगॅस बनवण्याकडेही कल वाढला. शेतकरी गट अशा प्रकल्पांना माल पुरवतात, काही स्वतः प्रकल्प उभारतात. तिथे कार्बन डायऑक्साईड काढून टाकल्यामुळे मिथेनचे प्रमाण खूप वाढते आणि ज्योत जास्त चपळ होते. नळ्याही रुंद आणि लांब असतात. विस्तार कार्यकर्त्यांनी अशा ठिकाणी निदान हे पाच प्रश्न विचारावेत :

• जादा गॅस जाळण्याच्या मशालीच्या मुळाशी ज्वाळारोधक किंवा पाण्याचा अडसर आहे का? प्रवाह कमी झाला की मशालीची ज्योतच मागे येऊ शकते.

• गॅसमधील प्राणवायूचे प्रमाण मोजले जाते का आणि ते वाढले तर ब्लोअर आपोआप थांबतो का?

• पाण्याच्या अडसरातली पातळी रोज कोण पाहते?

• नळी उघडण्यापूर्वी ती नायट्रोजनसारख्या न जळणाऱ्या वायूने धुतली जाते का? असे केल्यास गॅस आणि हवा एकमेकांना भेटतच नाहीत.

• वेल्डिंगपूर्वी लेखी परवानगी आणि वायूमापकाने तपासणी होते का?

नळीतून आवाज आला तर

संयंत्राजवळचा मुख्य कॉक लगेच बंद करा. घरातल्यांना बाहेर काढा, विजेची बटणे चालू-बंद करू नका. पुन्हा पेटवून पाहू नका. सर्व जोड, जाळी, सापळा आणि दाब तपासून, नळीतली हवा वर सांगितल्याप्रमाणे काढूनच गॅस सुरू करा. कोणी भाजले असेल तर त्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा, टूथपेस्ट किंवा शाई लावू नका आणि दवाखान्यात न्या.

त्या गावातल्या घरात पुढे शेगडी आली, एल्बोच्या जागी लांब वळणाचा बेंड बसला, शेगडीजवळ जाळी लागली. कॉकशेजारच्या भिंतीवर त्या मुलाने स्वतः खडूने लिहून ठेवले : ‘आधी दहा मिनिटे बाहेर सोडा.’ तुमच्याही कॉकजवळ हे लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी नळी जोडणारा माणूस दुसराच असू शकतो.